माझ्या पायाकडं बघून ठोका

बारामती,
रविवार, ७ जुलै २०२४

खारतोडे सर,

नमस्कार. पत्र बघून दचकू नका, मी बरी आहे. हॉस्टेलवर मोबाइल चालत नाही आणि रविवारच्या फोनची पाच मिनिटं आईच्या रडण्यातच जातात. पप्पा आज डबा घेऊन आलेत, त्यांच्याच हाती हे पाठवते.

आधी चांगली बातमी. मला हितल्या बँडपथकात घेतलं! शंभरावर मुलींनी नावं दिली होती, त्यातल्या चोवीस घेतल्या. मला साइड ड्रम मिळालाय. रश्मी कांबळे मॅडम पथक घेतात. लई कडक, पण हात बघून म्हणाल्या, "हात तयार आहे, कुठं शिकलीस?" मी म्हणलं, कळसला, आमच्या खारतोडे सरांकडं. "किती स्पर्धा केल्यात?" म्हणलं, एकपण नाही. सगळ्या पोरी फिदीफिदी हसल्या. मग मी पण सांगितलं, आमचं पथक स्पर्धेला जात नाही. आम्ही पंधरा ऑगस्टला आणि सव्वीस जानेवारीला गावातून फेरी काढतो, आणि शाळेतलं कुणी रिटायर झालं की त्याला वाजवत घरापर्यंत सोडून येतो. मॅडम हसल्या नाहीत. "छान आहे की," म्हणाल्या.

आता वाईट. सर, माझा पाय चुकतोय. वाजवताना नाही, चालताना. मॅडम म्हणतात, "तू डाव्यावर रेंगाळतेस आणि उजवा टेकला की जमीन पोळल्यासारखा उचलतेस." मी तर आपल्याकडं शिकले तसंच चालते! पण चोवीस जणींत माझं एकटीचं डोकं वरखाली होतं म्हणे. जानेवारीत विभागाची स्पर्धा आहे. पंधरा ऑगस्टपर्यंत पाय सुधारला नाही तर मला बाहेर बसवणार.

सर, हितं दिवसभरात पथकाच्या तासालाच काय ते बरं वाटतं. तेवढं गेलं तर मी पप्पांबरोबर गाडीवर बसून सरळ घरी येईन, खरं सांगते. आपली चाल बरोबर आहे ना? तेवढं कळवा.

तुमची विद्यार्थिनी,
राजेश्वरी


कळस,
१२ जुलै २०२४

चि. राजेश्वरी,

तुझं पत्र पोचलं. मी बोलतो तसंच लिहितो. शुद्धलेखनाचे मार्क कापायचे असतील तर खुशाल काप, मी पीटीचा मास्तर हाय, मराठीचा न्हाय.

शंभरातनं चोवीस, त्यात आपली पोरगी! मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा पाजला. हेडमास्तर म्हणाले, खारतोडे, तुमाला बढती मिळाली का काय.

आता पायाचं. अजिबात घाबरू नगं. आपली चाल बरोबर हाय. तीस वर्षं पथक घेतोय, गावात एका माणसानं आजवर नाव ठेवलं न्हाय. डाव्यावर दम धरायचा आणि उजवा हलका टाकायचा, ही आपली खास पद्धत हाय. त्यानं चालीला वजन येतं. शहरातल्या लोकांना सगळंच पळापळीत पाहिजे, त्यांना ते कळायचं न्हाय. तुझ्या मॅडमला हे पत्र दाखव. आणि मान खाली घालू नगं, कळसची हायेस तू.

हितं सगळं ठीक. मोठा ड्रम ऋषिराजकडंच हाय. तुझ्या जागी सहावीतली निकिता घेतलीय. ड्रम तिच्या गुडघ्याला आपटतो, पण हटत न्हाय. तुझीच गादी चालवणार.

घरी काकू विचारत होती काय लिहिलं म्हणून. म्हणलं, अभ्यास कर असं लिहिलंय.

श्रीपती खारतोडे


बारामती,
२१ जुलै २०२४

सर,

मला पथकातून बाहेर बसवलं.

तुमचं पत्र मी मॅडमना दाखवलं. वाटलं चिडतील. चिडल्या नाहीत. दोनदा वाचलं आणि मला विचारलं, "तुमचे सर पथकाच्या पुढं चालतात का?" म्हणलं, हो, नेहमी. "मोठ्या ड्रमवाला ठोका कशावर मारतो?" म्हणलं, सरांच्या पायावर. सर पहिल्याच दिवशी सांगतात, माझ्या पायाकडं बघून ठोका. मग मॅडम म्हणाल्या, "सरांच्या उजव्या पायाला कधी लागलं होतं का गं?"

सर, माझं टाळकंच फिरलं. सगळ्या मुलींसमोर मी ओरडले, आमच्या सरांना लंगडं म्हणायचं काम नाही! तुम्हाला आमची पद्धत कळत नाही म्हणून काहीही बोलू नका! मॅडमनी माझ्या गळ्यातला ड्रमचा पट्टा काढून घेतला. "पाय नंतर बघू, आधी तोंड सुधार," म्हणाल्या. आता तासाला मी भिंतीकडेला बसून बाकीच्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळते.

बसल्या बसल्या डोक्यात एकच येतं. मी पहिलीत असताना तुमची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली होती, असं आई सांगायची. पण तुम्ही लंगडता असं मला कधी वाटलंच नाही. मला कळायला लागल्यापासून तुम्ही असेच चालता. सर असेच चालतात, एवढंच आम्हाला माहीत.

सर, रागावू नका. तुमच्या पायाला काही झालं होतं का?

राजेश्वरी


बारामती,
१८ ऑगस्ट २०२४

सर,

चार आठवडे झाले, तुमचं पत्र नाही. पप्पांना विचारलं, तर म्हणाले सर ठणठणीत आहेत. पंधरा ऑगस्टची फेरी झाली, पण सर सारखे मागं वळून बघत होते, असंही म्हणाले. दगडाबाईंच्या ओट्याला धडकता धडकता वाचलात म्हणे.

मी त्या दिवशी पाहुण्यांना गुलाबाची फुलं वाटली. पथक समोरून गेलं, तेव्हा फुलांची टोपली तोंडासमोर धरून उभी राहिले.

मी तसं विचारायला नको होतं. मोठ्या माणसांना असं विचारतात का, आई म्हणाली असती. चूक माझी आहे. पथक नसलं तरी चालेल, पण तुम्ही बोलणं टाकू नका.

राजेश्वरी


कळस,
२५ ऑगस्ट २०२४

चि. राजेश्वरी,

चूक तुझी न्हाय. हे पहिलं वाक्य लिहायला मला महिना लागला.

ट्रॉलीचं खरं हाय. दोन हजार सोळाच्या फेब्रुवारीत माळेगावच्या रस्त्याला उसाची ट्रॉली उभी होती, मागं लाल कापड न्हाय, काय न्हाय. उजवा गुडघा गेला. सहा महिन्यांनी शाळेत परत आलो, ते पंधरा ऑगस्टच्या तोंडावरच. डॉक्टर म्हणाले होते, जरासा फरक राहील, कुणाला कळणार न्हाय. मीही तेच धरून बसलो.

त्या फेरीत चौकात वळताना मागं बघितलं. बत्तीस पोरं, सगळी डाव्यावर रेंगाळून उजवा पाय उचलत होती. लंगडत होती, राजेश्वरी. माझ्यासारखीच. मला वाटलं, माझी नक्कल करत्यात. माझं डोकं भडकलं. शाळेत परत आल्यावर मोठ्या ड्रमवाल्याला पुढं बोलावलं आणि सगळ्यांदेखत कानफटात दिली. तो रविराज, ऋषिराजचा थोरला भाऊ. नववीत होता. त्याला कळंनाच की मार कशाचा. गाल धरून म्हणाला, "सर, तुमीच म्हणला न्हवता का, माझ्या पायाकडं बघून ठोका? मी एकबी ठोका चुकलो न्हाय."

खरंच चुकला न्हवता. माझा पाय जसा पडला तसा त्यानं ठोका दिला, आणि पोरं ठोक्यावर चालली.

तितंच सांगायला पाहिजे होतं, की बाबा, चूक माझ्या पायाची हाय, उद्यापासून मी पुढं चालत न्हाय. पण मला ते सोसलं न्हाय. सहा महिने खाटंवर पडून मी एकाच गोष्टीची वाट बघितली होती, पथकापुढं चालायची. म्हणून गप्प बसलो. रविराजला पेढे दिले, झालं. तालुक्याच्या स्पर्धेचं पत्रक दरवर्षी यायचं. हेडमास्तरांना सांगायचो, पोरांचा अभ्यास बुडतो. गावाला सांगायचो, आपल्याला ढालीची हाव न्हाय. लोकांनी माझं कौतुक केलं! आठ वर्षं मी ते कौतुक गिळलं.

कळसात ते खपून गेलं. एखादं पोर गावाबाहेर वाजवायला जाईल, हे माझ्या मनातच आलं न्हाय. तू गेलीस. तू विचारलंस तवा तरी खरं बोलायचं, तर मी 'खास पद्धत' म्हणून ठोकून दिलं, आणि त्या खोट्यापायी तू तुझ्या मॅडमशी भांडलीस. तुझा ड्रम माझ्यामुळं गेला.

मॅडमला सांग, खारतोडे मास्तर लंगडा हाय. त्यांनी बरोबर ओळखलं. आणि तुला माझा राग आला असंल तर येऊ दे.

श्रीपती खारतोडे


बारामती,
१ सप्टेंबर २०२४

सर,

आला. खूप आला. दोन दिवस मी तुमचं पत्र गादीखाली ठेवलं होतं, बघायचंसुद्धा नाही म्हणून. गुडघ्याचा राग नाही. मी सगळ्या पोरींसमोर तुमच्यासाठी भांडले आणि तुम्हाला सगळं ठाऊक होतं, त्याचा राग.

तिसऱ्या दिवशी रविराजदादा आठवला. तो अजून तुमच्या पाया पडतो, कारखान्यातनं सुट्टीवर आला की. मग मला रडायला आलं, आणि रडल्यावर राग जरा कमी झाला. पूर्ण गेलेला नाही. खोटं कशाला लिहू?

मॅडमची माफी मागितली. पत्र दाखवलं नाही, ते आपल्या दोघांतलं. नुसतं म्हणलं, तुम्ही म्हणत होता ते खरं होतं. त्या म्हणाल्या, "मग आता सोपं आहे. तुला चालता येत नाही असं नाही. तू एका माणसामागं फार चांगली चालतेस. आता घड्याळामागं चाल." मेसमध्ये एक मोठं घड्याळ आहे, टिकटिक करणारं. टिक झाली की डावा, मधे उजवा, परत टिक की डावा. सगळ्यांचं जेवण झालं की मी टेबलांमधनं चालते. भांडी घासणाऱ्या मावशी म्हणतात, पोरीला झपाटलंय!

सर, एक विचारते. नाही म्हणालात तरी चालेल. दिवाळीच्या सुट्टीत मी आपल्या पथकाला हे शिकवू का? निकिता सहावीत आहे. उद्या ती पण हितं येईल, आणि तिला पण पाण्याच्या बाटल्या सांभाळत बसावं लागेल.

राजेश्वरी


कळस,
९ सप्टेंबर २०२४

राजेश्वरी,

ये. हापिसातलं घड्याळ काढून ठेवतो. शिपाई म्हस्कूला सांगितलंय, सेल संपलाय म्हणून काढलं असं म्हण. एक खुर्ची मात्र मला लागंल. उभ्यानं मला ते बघवायचं न्हाय.

काकूला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच व्हय? मला वाटलं तुमालाच म्हाईत न्हाय." आठ वर्षं ती मला सांगायला भीत होती आणि मी तिला!

श्रीपती खारतोडे


बारामती,
१ डिसेंबर २०२४

सर,

मला परत घेतलं! काल मॅडमनी पट्टा गळ्यात घातला. तिसरी रांग, डावीकडून दुसरी. "पाय आला," एवढंच म्हणाल्या आणि पुढं गेल्या. मी इतकी हसत होते की दोन ठोके चुकले. स्पर्धा अठरा जानेवारीला आहे.

पण दिवाळीपासून एक गोष्ट मनात अडकलीय, ती तोंडावर विचारायचा धीर झाला नाही. पहिल्या दिवशी ऋषिराजनं ड्रमला हातच लावला नाही, आठवतंय ना? "सर पुढं नसतील तर मी बघू कुणाकडं?" आणि तुम्ही खुर्चीतनं गरजलात, "बघू नगं, ऐक! कान कशाला दिलेत?" तिसऱ्या दिवसापर्यंत सगळे एकमेकांच्या टाचा तुडवत होते. निकिता पडली, कोपर खरचटलं, तरी उठून "टिक कुठं गेली, टिक कुठं गेली" करत रांगेत घुसली. आणि पाचव्या दिवशी पथक झेंड्याच्या खांबापासून फाटकापर्यंत एका पायात गेलं. सगळेच्या सगळे. मी आनंदानं मागं वळले, तर खुर्ची रिकामी. तुम्ही पाण्याच्या टाकीमागं जाऊन तोंड धूत होता. बराच वेळ धूत होता.

सर, मी तुमच्याकडून पथक काढून घेतलं का? मला तसं करायचं नव्हतं.

राजेश्वरी


कळस,
२८ जानेवारी २०२५

चि. राजेश्वरी,

उत्तराला उशीर केला, तो मुद्दाम. सव्वीस जानेवारी होऊ द्यायची होती.

आधी तुझं. पेपरातला फोटो बघितला. विभागात दुसरा नंबर! टोप्यांखाली सगळ्या पोरी एकसारख्या, म्हणून तुला पायावरनं शोधाय गेलो. चष्मा लावला, काकूचं भिंग घेतलं. एकीचाबी पाय वेगळा न्हाय. मग तर मला लय बरं वाटलं. तो फोटो शाळेच्या फळ्यावर लावलाय.

आता माझं. टाकीमागं मी रडत होतो, ते तू ओळखलंच होतंस. पण तू समजतीस तसं न्हाय. पथक सरळ चालताना कसं दिसतं ते मी आठ वर्षांत बघितलंच न्हवतं. पुढं चालणाऱ्याला मागचं कुठं दिसतंय? पोरं सरळ चालली आणि माझ्या छातीवरचं मोठं ओझं उतरलं. तू काय काढून घेतलं असशील तर ते.

सव्वीसला मी ठरवलं, पुढं जायचं न्हाय. ऋषिराजला म्हणलं, न्या फेरी, मी फाटकाशी उभा राहतो. पथक निघालं. काय सांगू तुला! धाड धाड धाड, एका पायात. म्हातारी माणसं ओट्यावर उठून उभी राहिली. मला ऱ्हावलं न्हाय, मी निघालो मागनं. पण आता त्यांची चाल तेज, माझा गुडघा हा असा. चौकापर्यंत पथक माझ्या नजरेआड झालं. म्हणलं, जाऊ दे, आवाज तरी ऐकू येतोय. चालत ऱ्हायलो, तर आवाज लांब जाईचना. वळणावर जाऊन बघतो तर सगळं पथक रस्त्याच्या मधोमध कदमताल करत उभं. जागच्या जागी पाय उचलायचे, वाजवायचं, पण पुढं सरकायचं न्हाय. मी ओरडलो, "थांबलात का रे? झेंड्याची वेळ झाली!" तर निकिता, गुडघ्यावर ड्रम आपटत, म्हणती, "सर, तुमी आल्यावर निघतो की."

पुढं तीन ठिकाणी असंच. सरपंच ग्रामपंचायतीपुढं घड्याळ बघत ताटकळले, झेंडा सात मिनिटं उशिरा लागला. हेडमास्तरांनी मला झाडलं. झाडू देत.

पण खरी अडचण पुढंच हाय. काल तालुक्याच्या स्पर्धेचं पत्रक आलं. या वेळी मी ते वर्गात घेऊन गेलो आणि पोरांना वाचून दाखवलं. पोरांना सगळं सांगितलंबी. गुडघा, रविराजची कानफटात, अभ्यासाची थाप, सगळं. म्हणलं, आजवर आपण गेलो न्हाय ते माझ्या लाजंपायी. आता तुमची चाल नंबरात येणारी हाय. जाऊ या.

ऋषिराजनं विचारलं, "सर, तितं तुमी आमच्याबरोबर चालायचं का?"

म्हणलं, न्हाय बाबा. तितं मैदानात फक्त पथक. मास्तरनं दोरीच्या भाईर उभं ऱ्हायचं.

"आणि कदमताल करून थांबलो तर?"

म्हणलं, मार्क जातील.

पोरांनी एकमेकांकडं बघितलं. आणि ऋषिराज म्हणाला, "मग नगं, सर."

मी लय चिडलो. गाढवांनो म्हणलं, अकलंचे कांदे म्हणलं, आठ वर्षांनी जायची वेळ आली तर आता तुमी न्हाय म्हणताय? पोरं खाली मान घालून हसाय लागली. घरी येऊन काकूला सांगितलं, तर तीबी हसली आणि आत जाऊन डोळे पुसून आली.

फॉर्म भरायची मुदत दहा फेब्रुवारीपर्यंत हाय. तू स्पर्धा बघितलीस, जिंकून आलीस, तुला दोन्हीकडचं कळतं. मी त्यांना समजवू का नगं? माझं मलाच कळंना झालंय. तू सांगशील तसं करतो. लवकर कळव.

श्रीपती खारतोडे